पूजेला बसवलेली मशीन

रक्ताची मला कधी किळस आली नाही. लघवी, थुंकी, शौचाचे नमुने, पू, सगळं या हातांनी हाताळलंय आणि साबण लावून त्याच हातांनी दुपारचा डबाही खाल्लाय. महाडच्या बाजारपेठेत माझी छोटीशी रक्ततपासणीची लॅब आहे आणि अर्धं आयुष्य त्यातच गेलंय. मला शिसारी येते ती माणसांच्या गलथानपणाची. त्यातही गलथानपणाला हळदकुंकू लावून कोणी माझ्यासमोर आणून ठेवला, की पोटात ढवळायला लागतं. माझ्या सख्ख्या भावाने हे करून दाखवलं, म्हणून हे सांगते आहे.

दादा माझ्याहून मोठा. पोलादपूरला एस.टी. स्टँडच्या मागे राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तो आमचं कलेक्शन सेंटर चालवतो, म्हणजे तिथे लोकांचं रक्त घ्यायचं आणि तपासायला माझ्याकडे महाडला पाठवायचं. आधी त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. सुई टोचायला मीच शिकवलं, आणि खोटं कशाला बोलू, हात त्याचा माझ्याहून हलका आहे. डोंगरावरच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या त्याच्याकडेच येतात. 'टोचलेलं कळत नाय गो,' म्हणतात. त्याच्या या कौतुकावर तो फार खूश असतो. पण रक्त काढलं की आपलं काम संपलं, असं त्याला वाटतं, आणि आमच्या धंद्यात खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

रक्त नळीत घेतलं की ते गोठू द्यायचं आणि मग वेळ न घालवता सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. फिरवलं की पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. ते वेगळं काढलं की मग ते दमाने महाडला आलं तरी चालतं. पूर्वी पोलादपूरहून रक्त न फिरवताच यायचं. वडापची मिनीडोर रिक्षा भरेपर्यंत हलायची नाही, आणि कशेडीत दरड आली की हायवेवर ट्रकांची रांग लागून नमुन्यांचा डबा दुपारपर्यंत तिथेच. म्हणून मी दादाला टेबलावर ठेवायची एक छोटी सेंट्रिफ्यूज घेऊन दिली. इडलीच्या कुकरएवढी, पांढरीशुभ्र, वर झाकण आणि आत गोलाकार तिरपी भोकं. एका भोकात नळी ठेवली की बरोबर समोरच्या भोकात तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवायची, नाहीतर मशीन थडथडते आणि काच फुटते. तागडीची अक्कल असलेल्या कुठल्याही वाण्याला हे एका वाक्यात कळेल.

दादाला ते कळलं, पण त्याच्या पद्धतीने. समोर तोलाला पाण्याची नळी ठेवायची, तर हा पठ्ठ्या आदल्या दिवशीच्या कोणा पेशंटची रक्ताची नळी ठेवायचा. 'वजन बरोबर भरतंय ना? मग झालं.' झाकणावर चहाचा ग्लास ठेवायचा. त्या पांढऱ्या झाकणावर एकात एक अडकलेली चहाची वर्तुळं मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओल्या फडक्याने टेबल पुसायचं, त्यानेच मशीन, आणि त्यानेच खुर्ची. मी बोलले की वहिनी आतून म्हणणार, 'वन्सं, तुम्हाला सगळीकडं घाणच दिसते.' दिसते, कारण असते.

तर गेल्या वर्षी दसऱ्याला आमची आत्या पोलादपूरला माहेरपणाला आली होती. आमची आई लवकर गेली, तेव्हा आम्हा दोघांना याच आत्याने पदराखाली घेतलं होतं. आता ती सत्तरीच्या पुढची, डोंगरावर एकटी राहणारी, ब्लडप्रेशरसाठी लघवी होण्याची गोळी घेणारी. महिनाभर पाय गळून गेल्यासारखे वाटत होते, छातीत धडधडत होतं. महाडच्या एका तरुण डॉक्टरांनी रक्तातलं पोटॅशियम बघायला सांगितलं होतं. पोटॅशियम कमी झालं तरी हृदय दगा देतं आणि वाढलं तरी देतं, त्यामुळे आकडा कळल्याशिवाय हात लावता येत नाही. दादाने दसऱ्याच्या सकाळी, पुऱ्या तळून होण्याआधी, तिचं रक्त घेतलं.

दुसऱ्या दिवशी डबा माझ्याकडे आला. माझी लॅब दसऱ्याला बंद असते, त्यामुळे नमुने दुसऱ्या दिवशी येणार हे ठरलेलंच होतं. सीरम वेगळं काढून फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर त्याने काही बिघडत नाही. आत्याची नळी मी उजेडात धरून पाहिली. पिवळंधमक, स्वच्छ सीरम. तपासणीच्या मशीनला लावलं, तर पोटॅशियम इतकं वर की माझा हात थांबला. पुन्हा लावलं. तेच.

मी दादाला फोन केला. "आत्याचं रक्त घेतल्यावर कधी फिरवलंस?"

"लगेच," तो म्हणाला. "का गो?"

त्या 'लगेच'मध्ये जराही अडखळणं नव्हतं. असा आकडा टेबलावर ठेवून चहा प्यायचा नसतो. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब घेऊन या, हृदय कधीही बंद पडू शकतं. दादाने ओळखीची गाडी काढली आणि आत्याला आणून महाडच्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली. तिच्यात गडबड दिसत होतीच. हाताशी माझ्या लॅबचा छापील कागद होता. त्यांनी पोटॅशियम खाली आणायचं सलाईन जोडलं, ग्लुकोजमध्ये इन्शुलिन घालून. त्या कागदावर विसंबून कोणीही तेच केलं असतं.

इकडे मी डब्यातले बाकीचे नमुने लावत होते. त्यात एक पोरगेला ड्रायव्हर होता, नोकरीसाठी सगळ्या तपासण्या करून घेणारा, दगड पचवेल असा. त्याचंही पोटॅशियम आकाशाला भिडलेलं. मला वाटलं माझीच मशीन बिघडली. म्हणून डब्यातल्या सगळ्या नळ्यांचं पोटॅशियम करून पाहिलं, सांगितलं असो वा नसो. एका शाळेच्या बाईंचं वर, एका बाळंतिणीचं वर, एका दुकानदाराचं वर. दसऱ्याच्या एका दिवसात अख्ख्या पोलादपूरचं पोटॅशियम वाढलं होतं! मग महाडमध्ये सणानंतर लॅब उघडल्यावर घेतलेला एक नमुना लावला. अगदी नॉर्मल. म्हणजे माझी मशीन ठीक होती आणि डबाच नासका होता.

हे कसं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. रक्तपेशींच्या पोटात पोटॅशियम भरलेलं असतं. न फिरवलेलं रक्त थंडीत ठेवलं की ते हळूहळू बाहेरच्या पाण्यात झिरपतं. पेशी फुटल्या तर पाणी लाल होऊन चोरी उघडी तरी पडते, पण नुसतं झिरपलं तर पाणी पिवळंधमक, स्वच्छच दिसतं. आत्याच्या अंगात पोटॅशियम वाढलेलं नव्हतंच. ते नळीत वाढलं होतं. आणि लघवीची गोळी, गळून गेलेले पाय, पट्टीतली गडबड, हे सगळं एकत्र केलं तर तिचं मुळातच कमी असणार होतं. त्या कमीतून आणखी कमी करणारं औषध या क्षणी तिच्या शिरेत थेंब थेंब उतरत होतं.

दवाखाना लांब नाही. लॅब तशीच उघडी टाकून बाजारातून धावत निघाले आणि धावता धावताच डॉक्टरांना फोन लावत राहिले. ते दुसऱ्या पेशंटमध्ये होते, उचलत नव्हते. दारात दादा उभा. मी त्याचा दंड धरला.

"खरं सांग. कधी फिरवलंस?"

"आज सकाळी," तो म्हणाला.

"तू लगेच म्हणालास!"

"मंग? मशीन उठवल्यावर लगेचच फिरवलं ना! काल पूजेला बसवली व्हती. दसऱ्याला हत्यार चालवायचं नाय, तुला म्हायती नाय काय? काल दिवसभर गाडी नाय काढली, कोयती नाय धरली, आनि मशीन चालवायची?"

"मग रक्त कशाला घेतलंस?"

"सनासुदीला दारात आलेल्या मान्साला परत पाठवायचं?" त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "नळ्या फ्रीजमधी ठेवल्या व्हत्या नीट. श्रीखंडाच्या बाजूला."

श्रीखंडाच्या बाजूला! मला तिथल्या तिथे ओकारी आली. म्हणजे यंत्राला विश्रांती हवी, ते थकतं, त्याला मान हवा. सुईला मात्र सुट्टी नाही, आणि माणसांच्या रक्ताने श्रीखंडाशेजारी खुशाल सडत पडावं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दवाखान्यातले लोक बघत होते, बघू देत.

डॉक्टरांना मी खोलीतून ओढूनच बाहेर काढलं म्हणा ना. "तो रिपोर्ट खोटा आहे, सलाईन थांबवा," म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी एकही प्रश्न न विचारता आधी जाऊन सलाईनची कळ बंद केली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. मग म्हणाले, "ताई, मला खरा आकडा द्या. त्याशिवाय पोटॅशियम देताही येणार नाही. अंदाजाने दिलं तर तेही जिवावर बेतेल."

आत्या घामाने भिजलेली होती, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. मी दुसऱ्या हातातून रक्त घेतलं. ती पुटपुटली, "कालच तर घेतलं न गो." मी म्हटलं, "ते सांडलं, आत्ये." खरं सांगायला वेळ नव्हता.

लॅबमध्ये येऊन नळी गोठायची वाट बघितली. याला घाई चालत नाही. अर्धवट गोठलेलं फिरवलं तर सीरम धड निघत नाही. मग माझ्या सेंट्रिफ्यूजमध्ये नळी ठेवली, समोर पाण्याची नळी, झाकण लावलं आणि बटण दाबलं. भोवरा सुटल्यासारखा सूर चढत जातो आणि मग एका पट्टीत स्थिर होतो. हा सूर मी आयुष्यभर ऐकत आले, दर वेळी दुसरं काम करता करता. त्या दिवशी दुसरं काही करवेना. झाकणावर हात ठेवून उभी राहिले. आतमध्ये माझ्या आत्याचं रक्त फिरत होतं आणि मला ते मध्येच थांबवता येत नव्हतं.

आकडा आला. कमी होता, चांगलाच कमी. फोनवर डॉक्टर नुसतं 'बरं' म्हणाले आणि पोटॅशियमचं सलाईन चढवायला घेतलं, अगदी सावकाश, पट्टी बघत बघत. संध्याकाळपर्यंत आत्याचे डोळे उघडले. तिने पहिल्यांदा पाणी मागितलं आणि मग दादा जेवला का विचारलं.

बाकीच्या सगळ्या पेशंटना फोन करून रक्त पुन्हा द्यायला महाडला बोलावलं आणि मी पोलादपूर गाठलं. दादा, वहिनी दोघंही घरी होते. मी सरळ पुढच्या खोलीत गेले.

मशीन टेबलावर होती. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर चिकटलेलं आपट्याचं पान, बटणांच्या फटीत हळद. झेंडूचा हार काढून खुंटीला अडकवलेला. मी हातमोजे घालून झाकण उघडलं. पूजा नुसती बाहेरून झाली नव्हती. झाकण उघडून आत, मशीनच्या 'तोंडात', अक्षता टाकल्या होत्या, फुलं वाहिली होती, भोकाभोकाला कुंकू लावलं होतं. आणि सकाळी ते सगळं न काढता तशीच चालवली होती. भोकात तांदूळ, त्यावर नळी, म्हणजे तोल कसा राहणार? एक नळी फुटली होती. तिचं रक्त आत चहूकडे उडून वाळलं होतं. पाकळ्या त्यात भिजून तळाला चिकटल्या होत्या, काचेचा चुरा, तांदळाचे दाणे. कुंकवाचा लाल कुठला आणि रक्ताचा लाल कुठला, सांगता येत नव्हतं. झेंडूचा वास आणि शिळ्या रक्ताचा वास एकत्र येत होता. तीस वर्षांत ज्या गोष्टीला मी कधी नाक मुरडलं नव्हतं, तिने त्या दिवशी मला मोरीकडे धावायला लावलं. मी खरंच ओकले.

"ती फुटलेली नळी कोणाची?" तोंड धुऊन मी विचारलं.

"त्याला सांगितलंय, रक्त कमी पडलं, परत ये," दादा म्हणाला.

मी ब्लीचचं पाणी मागवलं आणि ओतलं. स्वस्तिकावर, हळदीवर, पानावर, सगळ्यावर. वहिनी दारात उभी होती. तिने तोंडावर हात घेतला. "वन्सं, अहो कुंकू पुसताय! सणाचं!"

"रक्त पुसतेय," मी म्हटलं.

"शिकलीस म्हनून देवधरम सोडलास काय गो?" दादाचा आवाज चढला. "आत्या वाचली ती कोनामुळं? मशीनची पूजा व्हती म्हनून वाचली."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी हसले, आणि ते हसणं माझं मलाच घाणेरडं वाटलं. देव मी सोडलेला नाही. माझ्या लॅबमध्येही दसऱ्याला फूल असतं, भिंतीवरच्या तसबिरीला. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी काच वेचली, तांदूळ चिमट्याने काढले, भोकं एकेक करून घासली, आणि माझ्यामागे ती दोघं कोणाचं तरी प्रेत हलवताना बघावं तशी बघत राहिली. मशीन गाडीत घालून मी महाडला आणली. दादाचं सेंटर बंद झालं.

गावात चर्चा झाली ती निराळीच. बहिणीने भरल्या सणाला भावाच्या पूजेवर ब्लीच ओतलं. रक्ताचं कोणी बोललं नाही, श्रीखंडाचं तर नाहीच. नात्यातल्या दोघीतिघी मला समजावून गेल्या, दादाची माफी माग म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ऐकून घेतल्या आणि चहाही पाजला.

आत्या घरी सुटली ती दादाकडेच. डॉक्टरांनी बजावलं होतं की आठवड्याने रक्त तपासल्याशिवाय औषध ना वाढवायचं, ना कमी करायचं. आधीसारखंच दोन्हीकडून भय होतं. दादावर तर मी आता कापूस धरायचाही विश्वास ठेवणार नव्हते. तेव्हा सामान घेऊन स्वतःच गेले. छोटी मशीनही बरोबर घेतली, धुऊनपुसून लखलखीत केलेली, म्हणजे रक्त तिथल्या तिथे, माझ्या डोळ्यांदेखत फिरलं असतं.

आत्या ओटीवर सुपारी कातरत बसली होती. चेहऱ्यावर तरतरी होती. मी पाय चेपायला घेतले, ते तिने चेपू दिले. मुलांची चौकशी केली. मी दंडाला बांधायचा पट्टा काढला आणि तिचा हात मांडीवर घेतला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

"नको गो बाय."

"आत्ये, औषध त्यावरच ठरायचंय. मी आहे ना. आता दादा नाही, मी घेतेय."

"म्हनून तर नको." तिच्या आवाजात राग नव्हता. "तो कागद तुझ्याच दुकानातला व्हता ना?"

"होता. पण रक्त दादाने..."

"आनि ती बाटली मला त्या कागदावरनंच लावली ना?"

"हो."

"मंग माझं रगत आता माझ्या अंगात ऱ्हाऊ दे."

आतून दादा चहा घेऊन आला. तिने तो त्याच्या हातातून घेतला, बशीत ओतला, त्याला जवळ बसायला सांगितलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला राहवलं नाही. "आत्ये, तुला मारायला निघालेला हा," मी म्हटलं. "त्याला पाठीवर हात आणि मला नको?"

तिने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, लहानपणी खोटं पकडताना बघायची तसंच.

"त्याला काय कळतंय गो," ती म्हणाली. "कळत तर तुला व्हतं."

मी पट्टा पुन्हा उचलला, तोवर तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.